बिनवासाचं घर

आमच्या तेलाच्या कारखान्यात प्रत्येक टाकीला दोन परीक्षा द्याव्या लागत. एक प्रयोगशाळेत आणि दुसरी नाकोबांपुढे. प्रयोगशाळेने पास केलेलं तेल नाकोबांनी नापास केलं, तर ते मुकाट्याने साबणखात्याकडे जाई. नाकोबांच्या सहीशिवाय टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, असा नियमच होता. तो कुठे कागदावर लिहिलेला नव्हता. कागदावरचे नियम माणसं मोडतात. हा बत्तीस वर्षं टिकला.

मी त्याच कारखान्याच्या भांडारात आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आठ महिन्यांनी निवृत्त होईन. शास्त्रातलं मला फारसं कळत नाही. पण कोणती वस्तू कधी आली, कुठे गेली आणि मधे किती दिवस पडून होती, हे मला विचारावं. नाकोबांविषयी लिहायला बसलो त्याचं कारणही तेच आहे. त्यांच्या गोष्टीतली एक वस्तू माझ्यापाशी पडून राहिली. ती मी वेळेवर पुढे द्यायला हवी होती.

त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण तिथून बाहेर कधी आलं नाही. मोठे साहेबसुद्धा “नाकोबांना बोलवा” असंच म्हणत. अंगाने काटकुळे, बोटं लांब, आणि नाक म्हणाल तर अगदी सामान्य, जरा बसकंच. नवीन माणूस त्यांच्याकडे बघून हसायचा. मग एकदा त्यांना काम करताना पाहिलं की हसणं थांबायचं.

नमुनाखोली म्हणजे गोदामाच्या कडेची दहा बाय बारा फुटांची खोली. पांढऱ्या फरशीचा ओटा, एक नळ, निळ्या काचेच्या वाट्या. वाट्या निळ्या अशासाठी, की तेलाचा रंग दिसू नये. रंग दिसला की मन आधीच निकाल देऊन बसतं. नाकोबा वाटीत दोन चमचे तेल घेत, वाटी डाव्या तळव्यावर ठेवत, वर उजवा तळवा झाकण म्हणून धरत, आणि तशीच ती गोल गोल फिरवत. हाताच्या उबेने तेल जागं होतं, असं ते म्हणत. मग झाकण जरासं उघडून एकच छोटा श्वास. दुसरा नाही. “दुसऱ्या श्वासाला नाक खोटं बोलायला लागतं,” ते म्हणायचे. शेवटी जिभेवर थेंबभर, कोमट पाण्याची चूळ, आणि सही. तेल खवट व्हायला अजून चार दिवस असले तरी त्यांना आजच कळायचं.

या नाकाची किंमत घरात मोजली जायची. ती वहिनी मोजत, म्हणजे त्यांची बायको. त्यांच्या घरात कांदा नाही, लसूण नाही, उदबत्ती नाही, सुवासिक साबण नाही. भांडी घासायला राख, अंग धुवायला बिनवासाची वडी. लग्नात वहिनींच्या आईने त्यांना केसांच्या सुगंधी तेलाची बाटली दिली होती. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात नाकोबांना नमुनाखोलीचं काम मिळालं आणि बाटली न उघडताच ट्रंकेत गेली. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या होत्या, “आमच्या घराला वासच नाही बघा. चोर आला तर त्यालाही कळायचं नाही, माणसं राहतात की नाही ते.”

“चोर येऊन नेणार काय?” नाकोबा म्हणाले.

“तुमचं नाक. दुसरं आहे काय घरात?”

हे थट्टेत चाललं होतं. पण लेकीच्या लग्नातसुद्धा वहिनींनी अंगाला अत्तराचं बोट लावून घेतलं नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. विहीणबाई आग्रह करत होत्या आणि या हात मागे घेत म्हणत होत्या, “नको, यांना उद्या कामावर जायचंय.”

आता मुख्य गोष्ट सांगून टाकतो. लेकीच्या लग्नानंतर दोनेक महिन्यांनी नाकोबांना ताप आला. आठवड्यात ताप गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. वास पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले, तापाने असं होतं, येईल परत कदाचित. नाकोबांचा स्वतःचा समज वेगळा होता. पेंडीतून उरलंसुरलं तेल काढायला जो सॉल्व्हंट वापरतात, त्या विभागात त्यांनी नमुनाखोलीत येण्याआधीची, ऐन उमेदीतली सहा वर्षं काढली होती. त्यानेच नाक पोखरलं, तापाने फक्त शेवटचा धक्का दिला, असं ते मानत. खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही. वास परत आला नाही एवढं खरं.

आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. कारखान्यात नाही आणि घरातही नाही.

पहिले काही महिने त्यांनी दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर काढले. नमुना आणणाऱ्या फोरमनला ते सहज विचारत, “काय रे, कसं वाटतंय तुला?” फोरमन म्हणजे तोंडाचा फाटका माणूस, त्याला एवढं पुरे. “मला विचाराल तर नाकोबा, या तेलात तळलेलं मी सासूला देईन, बायकोला नाही!” एवढ्यावर नाकोबा निकाल लावत. पण असं किती दिवस चालणार?

मग आमच्याकडे केमिस्टबाई आल्या. वय जेमतेम अठ्ठावीस, बोलणं चुरचुरीत, आणि शिकवण्याची भारी हौस. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं एका टेबलाशी बसत असू: बाई, नाकोबा, फोरमन आणि मी. एके दिवशी नाकोबांनी विचारलं, “बाई, तेल खवट होतं म्हणजे नेमकं होतं काय हो? तीस वर्षं वास घेतोय, पण आत काय चालतं ते कुणी सांगितलं नाही.”

मला तेव्हा कौतुक वाटलं. या वयात जिज्ञासा!

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. “फणी आहे का कुणाकडे?”

“साहेबांना विचारू नका,” फोरमन माझ्या टकलाकडे बघत म्हणाला आणि स्वतःच्या खिशातली प्लॅस्टिकची फणी पुढे केली. बाईंनी सरळ तिचे दात कडाकड मोडायला सुरुवात केली. तीनच ठेवले.

“अहो बाई! नवीन होती!”

“शास्त्रासाठी गेली. हे बघा काका. ही आडवी पट्टी म्हणजे ग्लिसरॉल. तिला तीन दात. हे दात म्हणजे स्निग्धाम्लं, कार्बनच्या लांब साखळ्या. तेल म्हणा, तूप म्हणा, तुमच्या पोटावरची चरबी म्हणा, सगळ्या या तीनदाती फण्याच. फरक दातांत. दात सरळ असले तर फण्या एकमेकींवर नीट रचल्या जातात आणि थिजतात. ते तूप, ती चरबी.” मग त्यांनी दोन दात बोटाने वाकवले. “साखळीत दुहेरी बंध असला की तिथे असा बाक येतो. वाकड्या दातांच्या फण्या नीट रचता येतात का? नाही. म्हणून ते पातळ राहतं. ते तेल.”

“आणि खवट?”

“हवेतला प्राणवायू या बाकापाशी चावतो. जिथे वाकडं, तिथे कच्चं. आधी तयार होतात पेरॉक्साइडं. किती झाली ते मोजता येतं.”

नाकोबांनी ती मोडकी फणी उचलून खिशात घातली. “मोजता येतं?” ते म्हणाले. “कसं?”

तिथून ते त्यांच्या मागेच लागले. रोज सुट्टीत एक प्रश्न. बाईंनाही असा विद्यार्थी कुठे मिळायला. सूर्यफुलाचं तेल थंडीत गढूळ का होतं? बियांच्या टरफलावर मेण असतं, तेही याच कुळातलं. झाडाची पानं आणि फळं त्याने आपलं पाणी आत राखतात. तेल धुताना खाली चिकट गाळ बसतो तो काय? ते फॉस्फोलिपिड. दोनच दात आणि तिसऱ्या जागी एक डोकं. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा.

“म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा,” नाकोबा म्हणाले.

“हो, पण हा उपाशी राहत नाही काका. याच्याच जिवावर घर उभं आहे. पाण्यात टाकले की हे आपण होऊन दोन रांगा करतात. डोकी बाहेर, शेपट्या आत, एकमेकींकडे. शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंत अशी आहे. आत काय घ्यायचं, बाहेर काय ठेवायचं, ते तिथे ठरतं. आपण वास घेतो ना, तोसुद्धा नाकातल्या पेशींच्या अशाच भिंतीवर. वासाचे कण तिथे येऊन टेकतात.”

नाकोबा खिशातली फणी चाचपू लागले. मग म्हणाले, “आणि सॉल्व्हंट? तो तर चरबी विरघळवतो.”

“पेंडीतली चरबी कुठली आणि माणसाची कुठली, ते त्याला कळत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर तिथे आता मुखवटा सक्तीचा केलाय.”

तेव्हा मी डब्यातलं जेवत होतो. नाकोबांनी आपला डबा झाकून ठेवला, एवढं आठवतं.

फोरमनच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना निरोपाची भाषणं करायला सांगितली. बाई त्याच्यावरच उखडल्या. म्हणाल्या, कोलेस्टेरॉल उगाच बदनाम आहे, जास्त झालं तर वाईट, पण नसेल तर पेशीची भिंत डळमळेल, पित्त होणार नाही, उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व होणार नाही, बाईची बाई आणि पुरुषाचा पुरुष करणारे हार्मोनसुद्धा त्यातूनच होतात. मज्जातंतूंभोवती चरबीचं वेष्टण असतं, तारेवर रबर असतं तसं. पाणी वगळलं तर मेंदूचा निम्म्याहून जास्त भाग चरबीचाच.

“तरीच फोरमनचं डोकं उन्हात पातळ होतं,” नाकोबा म्हणाले. त्या टेबलावर ते एवढं हसलेले मी नंतर पाहिले नाहीत.

मला यातलं एकच पटकन समजलं. धान्यातून मिळते त्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा तेवढ्याच वजनाच्या चरबीतून मिळते, आणि ती पाण्याशिवाय, कमी जागेत साठते. म्हणून शरीर तिचं गोदाम करतं. वाईट दिवसांसाठी. गोदाम म्हटलं की मला कळतं.

गोदामानेच मला पुढचंही कळलं. वर्षभराचा माल तपासताना प्रयोगशाळेच्या दोन रसायनांचा खप जवळजवळ दुप्पट निघाला. पोटॅशियम आयोडाइड आणि थायोसल्फेट. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “एवढं मी नाही वापरत.” मागणीच्या चिठ्ठ्या काढल्या. निम्म्या चिठ्ठ्या नाकोबांच्या हातच्या, खाली ‘बाईंसाठी’. मी कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच गेलो, कामगार यायच्या तासभर आधी.

नमुनाखोलीचं दार लोटलेलं होतं. ओट्यावर आदल्या संध्याकाळच्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. समोर काचेची उभी नळी, तिच्या खाली चंबू. चंबूत गर्द निळं पाणी. नाकोबा एका हाताने चंबू हलवत होते आणि दुसऱ्या हाताने नळीची चावी किंचित किंचित सोडत होते. थेंब, थेंब, थेंब. अठराव्या की एकोणिसाव्या थेंबाला निळा रंग दिवा विझावा तसा गेला. त्यांनी वहीत आकडा लिहिला, आणि मग मान वर केली.

मी दाराशीच उभा होतो. मग त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

“बसा साहेब. थेंब जितके जास्त, तेवढं तेल खवट. थोडे लागले तर चांगलं. नाकापेक्षा सोपं आहे.”

“आणि नाक?”

“गेलं. अडीच वर्षं झाली.”

मी म्हणालो, “बाईंना सांगा. मोठ्या साहेबांना सांगा. या कामात असं होऊ शकतं. काढून थोडेच टाकणार आहेत? दुसरीकडे बसवतील.”

“बसवतील हो. कारखान्याचं काही नाही. मला फाटकावर बसवतील, नाहीतर साबणखात्यात पोती मोजायला. तेही करीन.” ते ओटा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. “हिला काय सांगू? एकतीस वर्षं हिने कांदा चिरला नाही. आईने दिलेली बाटली उघडली नाही. लेकीच्या लग्नात... तुम्ही होता ना तिथे. तिला सांगू, की अगं ते सगळं ज्याच्यासाठी केलंस ते मेलं, आणि मी तुला कळवलं नाही? पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. आता दर दिवसागणिक ते जड होत जातं.” फडकं झटकून म्हणाले, “तीन वर्षं राहिलीत साहेब. तेवढी ढकलू द्या. मग सांगेन की आता म्हातारपणी नाक मंदावलं, कर तुला काय हवं ते. तिला कळायचं नाही. एवढंच हवंय मला.”

मी सरळ वागणारा माणूस आहे असं माझ्याबद्दल बोललं जातं. मी त्या दिवशी मनाशी हिशेब केला, की आकड्याने पास झालेलं तेल म्हणजे तेल चांगलंच. कुणाचं नुकसान नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रसायनं मी ‘नमुनाखोली’ या नावाने वेगळी द्यायला लागलो. आमच्यात पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही. फक्त सकाळी फाटकाशी भेटलो की ते बोटं दाखवत. पाच बोटं, म्हणजे आज पाच टाक्या झाल्या.

दीड वर्ष असं सुरळीत गेलं. वाट्या, तळवे, एक श्वास, चूळ, सही, हे सगळं ते आधीसारखंच करत. लोक तितक्याच आदराने उभे राहत. निकाल कधी चुकला नाही.

मग यंदाच्या उन्हाळ्याच्या शेवटी वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि नाकोबा तीन दिवस रजेवर होते. त्यातल्याच एका दुपारी फोरमन बाईंना म्हणाला, “बाई, तुमच्या त्या थेंबांच्या चाचणीचं एक सांगा, जितकं जुनं तितके थेंब जास्त, असंच ना?”

“नेहमी नाही,” बाई म्हणाल्या. “पेरॉक्साइडं वाढतात आणि मग पुढे त्यांचीच मोडतोड होते. त्यातून बारीक तुकडे निघतात, आणि खरा घाण वास त्या तुकड्यांना असतो. पेरॉक्साइडला स्वतःला वास नसतोच. त्यामुळे फारच जुनं, उन्हात तापलेलं तेल घेतलं तर थेंब कमी लागतात. आकडा म्हणतो उत्तम, आणि नाक म्हणतं फेका. म्हणून त्याची दुसरी एक चाचणी असते. ती माझ्याकडच्या यंत्रावर होते. नाहीतर मग नाकोबाकाकांचं नाक आहेच!”

सगळे हसले. मीही हसलो. हे नाकोबांना सांगायला हवं असं मला वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. तीन दिवसांनी ते आले तेव्हा भांडारात मालमोजणी होती. मग लेखापरीक्षक आले. मग ते वाक्य माझ्या डोक्यात मागे मागे जाऊन एका फळीवर बसून राहिलं. आलेला कागद त्याच दिवशी पुढे पाठवायचा, ही माझी चाळीस वर्षांची सवय. पण हा कागद नव्हता.

चार नंबरची टाकी दुरुस्तीसाठी संपूर्ण उन्हाळा बंद होती. तळाशी तेल शिल्लक होतं, वर पत्रा तापत होता. टाकी उघडली तेव्हा मोठे साहेब स्वतः आले, कारण तेल बरंच होतं आणि ते साबणात घालवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. नमुना आदल्या दिवशीच बंद बाटलीत नाकोबांकडे गेला होता; प्रयोगशाळेची परीक्षा त्यानंतर व्हायची होती. सकाळी फाटकाशी ते मला म्हणाले, “चारचं तेल बघितलं. चारच थेंब. कमाल आहे, एवढा उन्हाळा काढून!”

मला तेव्हाच आठवायला हवं होतं. मी म्हणालो, “वा.”

दहा वाजता आम्ही सगळे नमुनाखोलीत उभे होतो. मोठे साहेब, बाई, फोरमन, मी. फोरमनने चार नंबरचं तेल वाटीत ओतलं, आणि खोलीत कुबट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास पसरला. मोठ्या साहेबांनी रुमाल काढला. बाईंनी नाक मुरडलं. निकाल लागल्यातच जमा होता. सही तेवढी उरली होती.

नाकोबांची पाठ आमच्याकडे होती. त्यांनी वाटी तळव्यावर घेतली, फिरवली, उघडली, एक श्वास घेतला. थेंब जिभेवर. चूळ. मग वळून म्हणाले, “पास.”

फोरमन खो खो हसला. “काय नाकोबा! आज सकाळी सकाळी थट्टा?”

“थट्टा कसली? पास आहे. चांगलं ठेवलंय तेल.”

फोरमनचं हसू विझत गेलं. नाकोबा एकेकाच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. पूर्वी चेहऱ्यांवर निकाल लावणारा तो माणूस, त्याला आमच्या चेहऱ्यांवर काय लिहिलंय ते वाचता आलं असणारच. पण आकड्याने त्यांना इतक्या वर्षांत कधी दगा दिला नव्हता. ते पुन्हा म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने, “पास.”

मोठ्या साहेबांनी तीन निळ्या वाट्या ओळीने मांडल्या. स्वतःच्या हाताने दोनांत आजचं ताजं तेल ओतलं आणि एकीत चार नंबरचं. नाकोबांना पाठ फिरवायला सांगून वाट्यांच्या जागा बदलल्या. “यातलं चारचं कुठलं, सांगा.”

दारात उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं. नाकोबा स्टुलावर बसले. पहिली वाटी उचलून तळव्यावर घेतली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरीला हात लावला नाही. मग ते उठले, नळाखाली हात धुतले, नीट पुसले, आणि म्हणाले, “साहेब, माझं नाक चार वर्षांपूर्वी गेलं.”

बाईंच्या ते आधी लक्षात आलं. हळूच म्हणाल्या, “काका, पेरॉक्साइड कमी आलं ना? जुन्या तेलात ते उतरतं. मी त्या दिवशी सांगितलं होतं... तुम्ही नव्हता का? तुम्ही नव्हता. हे भांडारातले साहेब होते.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नाकोबांनीही पाहिलं. रागाने नाही. मोडकी फणी त्यांच्या खिशात होती, तिच्यावर त्यांचा हात होता.

मोठे साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, आज घरी जा, बाकीचं पुढच्या आठवड्यात बघू. आणि मला सोबत जायला सांगितलं. वाटेत नाकोबा एकच वाक्य बोलले. “घरी मी सांगेन. तुम्ही फक्त पाणी पिऊन निघा.”

पण सांगायची वेळच आली नाही. आम्ही दुपारी एकच्या सुमाराला त्यांच्या दारात पोहोचलो. जिन्यातच मला वास आला होता, आणि मला वाटलं शेजारचा असेल. दार नाकोबांनी आपल्या किल्लीने उघडलं. घरभर परतलेल्या कांद्याचा खमंग वास भरला होता. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. शेगडीवर तवा, तव्यात कांदा, आणि हातात उलथनं घेऊन वहिनी. नवऱ्याला बघताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झटकन ताट उचलून तव्यावर उपडं घातलं, जणू त्याने काही झाकणार होतं.

नाकोबा चपला काढून तव्यापासून दोन हातांवरून आत गेले. माठातलं पाणी घेतलं, मला दिलं, स्वतः प्याले. खुर्चीवर बसले. “आज लवकर सोडलं,” म्हणाले. “तू जेवलीस का?”

वहिनी उलथनं तसंच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. तव्यावरच्या ताटाच्या कडेने धूर निघत होता.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला काही जाणवत नाही?”

“काय जाणवायचं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी शेगडी बंद केली.

“कधीपासून?”

नाकोबांना तेव्हा तवा दिसला. “लग्नानंतरच्या तापापासून,” ते म्हणाले. “आपल्या पोरीच्या.”

वहिनी खाली बसल्या. “वर्षभर झालं मी दुपारी एखादा कांदा करते,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही गेलात की. मग सगळ्या खिडक्या उघडते. थंडीतसुद्धा. लिंबू चोळून हात धुते, तीनदा. संध्याकाळपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो, की यांना कळेल, यांचं काम जाईल, माझ्या जिभेपायी जाईल. वर्षभर मी चोरासारखी खाते आहे.” त्या थांबल्या. “आणि तुम्ही रोज संध्याकाळी येऊन या खुर्चीवर बसून म्हणता, काय छान स्वच्छ हवा आहे आपल्या घरात.”

नाकोबा खुर्चीवरून उठून उभे राहिले.

मग वहिनी उठून आत गेल्या. ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा हातात ती बाटली होती, बुचावर लाखेचं सील तसंच. सुरीच्या टोकाने त्यांनी ते फोडलं. बूच निघायला वेळ लागला. त्यांनी थोडं तेल तळव्यावर ओतलं आणि हात नाकाशी नेला.

मला दोन हातांवरून कळलं. सुगंध केव्हाच उडून गेला होता. मागे तेल तेवढं राहिलं होतं, बत्तीस-तेहतीस वर्षं ट्रंकेत, अंधारात, आणि त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. चार नंबरच्या टाकीचाच वास होता तो.

वहिनींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी नवऱ्याचा हात ओढून घेतला, त्याच्या तळव्यावर ते तेल ओतलं आणि म्हणाल्या, “सांगा. कसं आहे?”

नाकोबांनी सवयीने उजवा तळवा वर झाकण म्हणून धरला. हात फिरवले. जरासं उघडून एक श्वास घेतला. मग त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं नाही. मुद्दाम डोळे मिटले.

“छान आहे,” ते म्हणाले. “तुझ्या आईने चांगलं दिलं होतं.”

वहिनींनी उरलेलं तेल आपल्या तळव्यावर ओतलं. मग त्यांनी केस मोकळे केले आणि ते तेल डोक्याला चोळायला सुरुवात केली. सगळं. मी चपला घातल्या. मला कुणी थांबवलं नाही आणि मीही कुणाचा निरोप घेतला नाही.

नाकोबा आता फाटकावर बसतात, गाड्यांचे पास तपासतात. टाक्यांवर बाईंची सही असते आणि दोन यंत्रांचे आकडे असतात. सकाळी मी आत शिरताना ते मान हलवतात. बोटं दाखवत नाहीत.